आईच्या पर्सवर वाजलेला गजर : दुकानांतले चोरीरोधक टॅग नेमकं काय ओळखतात?

शेवंती
रविवार, रात्री 10.20

नमस्कार मंडळी. काल दुपारचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

आई (वय 68) आणि मी एका मॉलमधल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात गेलो होतो. भाच्यासाठी दोन पायजमे आणि एक टी-शर्ट घेतला, बिल केलं, पावती आईनेच हातात धरली होती. दरवाजाशी दोन उभे पांढरे खांब असतात ना, त्यांच्यामधून आई पुढे गेली आणि ते यंत्र किंचाळायलाच लागलं. लाल दिवा, कर्कश आवाज. गार्डने हात आडवा घातला. मागे रांग लागली होती, ती सगळी माणसं आईकडे बघायला लागली.

पिशवी तपासली, पावतीशी जुळवली. सगळं बरोबर. परत खांबांमधून जायला सांगितलं, परत वाजलं. मग तिची पर्स काउंटरवर उपडी केली. चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, देवीचा अंगारा बांधलेली पुडी, मोडीचे पैसे, रुमाल. सगळं त्या काचेवर पसरलेलं. चोरीचं काहीच नव्हतं, मग मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे, जा." बस. माफी वगैरे काही नाही.

आई तिथे एक शब्द बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं गं." घरी आल्यापासून ती गप्प आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही यंत्रं नेमकं काय ओळखतात? आणि सामान पावतीशी जुळत असताना ते पुन्हा पुन्हा का वाजलं? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

*

थेम्सकाठ
रविवार, रात्री 10.55

वाचून फार वाईट वाटलं. काकूंना माझा नमस्कार सांगा. त्या अंगाऱ्याच्या पुडीपाशी वाचता वाचता थांबले.

*

सरळमार्गी
रविवार, रात्री 11.10

काकूंना त्रास झाला हे वाईटच. पण दुकानदाराची बाजूही बघा. यंत्र वाजल्यावर त्याने तपासायचं नाही तर काय करायचं? विमानतळावर आपण बूटसुद्धा काढतो. ज्याने काही घेतलेलं नाही त्याने तपासणीचा एवढा मनस्ताप करून घेऊ नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

*

पक्कड
सोमवार, सकाळी 7.30

शेवंतीताई, मी अकरा वर्षं हीच यंत्रं बसवतो आणि दुरुस्त करतो. आम्ही त्यांना गेट किंवा पेडेस्टल म्हणतो. सविस्तर लिहितो, पण आधी दोन प्रश्न. आईंना विचारून सांगा :

आत जाताना गेट वाजलं होतं का? आणि पर्स नवीन आहे का, कुणी भेट दिलेली?

आता यंत्राबद्दल. गेटला माणूस कळत नाही, वस्तू कळत नाही, पावती तर अजिबात कळत नाही. आपल्यासमोर चालू स्थितीतलं एक लेबल आलं, एवढंच त्याला कळतं. ते लेबल कुठल्या दुकानाचं, कुठल्या देशातलं, पैसे भरले की नाही, यातलं काहीही त्या लेबलात लिहिलेलं नसतं.

दुकानांत मुख्यतः दोन जाती दिसतात. एक 8.2 मेगाहर्ट्झची. चौकोनी कागदी स्टिकर, वर बारकोड छापलेला असतो म्हणून लक्षात येत नाही. उजेडासमोर धरा, आत ॲल्युमिनियमच्या वर्खाची चौकोनी चकली दिसेल. ती चकली आणि मध्ये एक छोटा कपॅसिटर, झालं सर्किट. रेडिओचं स्टेशन लागतं तसं ते त्या एका फ्रिक्वेन्सीला लागतं. गेट त्याच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सी सतत चाळत असतं आणि हे सर्किट मध्ये आलं की त्याला आपल्या लहरीत खड्डा जाणवतो. काउंटरवरच्या पॅडवर ठेवलं की जोरदार लहर सोडून तो कपॅसिटर जाळतात. लेबल मेलं.

दुसरी जात 58 किलोहर्ट्झची, अकूस्टो-मॅग्नेटिक. आम्ही सरळ एएम म्हणतो. बोटाच्या दोन पेरांएवढी, फुगीर, पांढरी प्लास्टिकची डबी. कानाशी हलवलीत तर आत काहीतरी सुटं असल्यासारखं वाटेल. कपड्याच्या शिवणीत, बुटाच्या तळव्याखाली, शाम्पूच्या लेबलामागे, पर्सच्या अस्तरात, कुठेही असते.

कपड्यांना लावतात तो कडक प्लास्टिकचा टॅग म्हणजे याच दोहोंपैकी एकाचं चिलखत. त्यात टाचणी अडकवलेली असते. आत तीन बारीक पोलादी गोळ्या स्प्रिंगने दाबून धरलेल्या असतात. टाचणी ओढली की त्या आणखी आवळतात, क्लचपेन्सिलीतली शिसाची कांडी धरल्यासारख्या. काउंटरवरचं चुंबक त्या गोळ्या वर खेचतं तेव्हाच टाचणी सुटते.

दुपारी एका साइटवर जायचंय. बाकी रात्री.

*

लंबक
सोमवार, सकाळी 9.05

पक्कड यांच्या सुंदर माहितीत थोडी भर. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, आणि या एएम लेबलाइतकं देखणं उदाहरण मला वर्गात दुसरं मिळालं नाही.

त्या डबीत दोन पट्ट्या असतात. एक अगदी पातळ, चकचकीत. ती साधी धातूची पट्टी नव्हे. वितळलेला मिश्रधातू इतक्या झटक्यात थंड करतात की अणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. काचेसारखी विस्कळीत रचना तशीच गोठते. अशा धातूला चुंबकीय क्षेत्रात धरलं की त्याची लांबी किंचित बदलते. हा परिणाम जेम्स ज्यूलने 1842 मध्ये लोखंडावर दाखवला होता. आपल्या गल्लीतल्या डीपीची जी घरघर ऐकू येते ना, तिच्यामागेही हेच आहे. आतला लोखंडी गाभा दर सेकंदाला शंभर वेळा ताणला-आखडला जातो.

लेबलातली पट्टी सेकंदाला 58,000 वेळा थरथरते. तिची लांबी, साधारण 38 मिलिमीटर, नेमकी त्यासाठीच कापलेली असते. डबी फुगीर का? तर पट्टीला थरथरायला मोकळी जागा हवी. चिकटवून टाकली तर ती मुकी होईल.

गेट कसं ऐकतं ते फार सुरेख आहे. ते अखंड ओरडत नाही. एखाद-दोन मिलिसेकंद लहर सोडतं आणि गप्प होऊन कान देतं. देवळातल्या घंटेवर टोला दिल्यावर हात मागे घेतला तरी घंटा घुमत राहते, तशी पट्टी घुमत राहते. त्या शांततेत बरोबर 58 किलोहर्ट्झचं घुमणं ऐकू आलं, आणि लागोपाठ काही फेऱ्यांत आलं, तरच गजर.

दुसरी पट्टी चुंबकाची. तिचं चुंबकत्व शाबूत असेल तर पहिलीचा सूर 58 वर लागतो. काउंटरवरच्या पॅडवर तिचं चुंबकत्व उतरवलं की सूर सरकतो आणि गेटला ऐकू येत नाही. काहीही जळत नाही की तुटत नाही. बाहेरून बघून लेबल जिवंत की मेलेलं हे कुणालाही सांगता येणार नाही. शेवंतीताईंच्या आईंना किंवा त्या गार्डला ते कळण्याची काहीच सोय नव्हती.

*

शेवंती
सोमवार, दुपारी 1.15

पक्कडदादा, आईला विचारलं. आत जाताना वाजलं होतं! ती म्हणते, "मी दचकले, पण आत जाणाऱ्याला कोण विचारतंय." गार्डने मान वर करूनही बघितलं नव्हतं. आणि पर्स नवीन आहे. मामेभावाने दुबईहून आणली, दिवाळीनंतर. आणखी एक आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी पुस्तकांच्या एका दुकानातून निघतानाही यंत्र वाजलं होतं. तिथला मुलगा हसून "जा आजी" म्हणाला होता, म्हणून आम्ही विसरून गेलो.

*

पक्कड
सोमवार, रात्री 9.40

मग पर्सच. नव्याण्णव टक्के. आत जातानाही वाजलं म्हणजे लेबल दुकानात शिरायच्या आधीच तुमच्याजवळ होतं. गार्डने आत जाताना वाजलेलं लक्षात ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आम्ही गेट बसवून देताना गार्डना हे पहिलं सांगतो : आत येताना कुणावर वाजलं ते बघा आणि तिथेच नम्रपणे सांगा, की तुमच्याजवळ दुसऱ्या दुकानाचं लेबल चालू दिसतंय, पॅडवर फिरवून देतो. दहा सेकंदांचं काम. पण दोन महिन्यांत गार्ड बदलतो आणि नव्याला कुणी सांगत नाही.

यावर ताईंना प्रश्न पडेल की दुबईतलं लेबल इथे कसं वाजलं. 58 किलोहर्ट्झ सगळीकडे तेच. पुष्कळ माल कारखान्यातच लेबल आत घालून येतो, याला सोर्स टॅगिंग म्हणतात. मग तो माल अशा दुकानात विकला गेला जिथे गेटच नाही, किंवा दुसऱ्या जातीचं गेट आहे, तर लेबल मारणारं तिथे कुणी नसतं. ते जिवंतच घरी येतं. आमच्या धंद्यात याला टॅग पोल्यूशन म्हणतात.

दुसरं कारण कॅशियर. पॅडवर वस्तू थोडी जवळून, सपाट, एकेक करून न्यायची असते. रविवारी संध्याकाळी वीस जणांची रांग असते तेव्हा चार कपड्यांचा गठ्ठा एकदम सरकवला जातो, खालच्या दोनची लेबलं मरतात, वरची राहतात. मी आजवर खोट्या गजराच्या जेवढ्या तक्रारींवर गेलो, त्यांत गेट बिघडलेलं क्वचितच होतं. बहुतेक वेळा पॅडची वायर सुटलेली, नाहीतर पॅडवर कुणीतरी स्टेपलर, पंचिंग मशीन नि पेनस्टँड मांडून ठेवलेला.

आता पर्सचं अस्तर बोटांनी चाचपा. आतल्या चेनच्या कप्प्यात, शिवणीच्या कडेने. कडक काही लागलं तर सांगा.

*

घडीमोड
सोमवार, रात्री 10.30

कोल्हापुरात आमचं तयार कपड्यांचं आणि साड्यांचं दुकान आहे, वडिलांपासून. दुकानदार म्हणून लिहितो, कारण सरळमार्गी यांनी आमची बाजू घेतली आहे आणि ती थोडी वेगळी आहे.

वडिलांच्या काळात गादी होती. गिऱ्हाईक बसायचं, आम्ही एकेक साडी उलगडून दाखवायचो, माल आमच्या हातून जायचा. चोरी व्हायची, पण नजरेखाली. आता गिऱ्हाईकाला स्वतः हात लावून, ट्रायल करून घ्यायचं असतं. माल मोकळा ठेवला की विक्री वाढते आणि तूटही वाढते. त्या तुटीत गिऱ्हाईकाची चोरी हा एक भाग. आतल्या माणसांची चोरी हा दुसरा, पुरवठादाराने कमी माल पाठवणं हा तिसरा, आणि आमच्याच नोंदींतल्या चुका हा चौथा. गेट फक्त पहिल्यावर लक्ष ठेवतं. बाकीच्या तिन्हींची जबाबदारी आमची, पण नजर मात्र कायम गिऱ्हाईकावरच असते. हे मला खटकतं.

आमच्याकडे गेट आहे. रेशमी साडीला टाचणी लावत नाही, एक भोक पडलं तरी माल गेला. दोरीचा टॅग वापरतो, तोही काठाला वळसा घालून. एकदा एका नवरीच्या शालूवर टॅग काढायचा राहिला. हळदीच्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांचा फोन. मी चुंबक पिशवीत घालून मोटरसायकलवरून जयसिंगपूरला गेलो. तेव्हापासून बिलाशेजारी टॅग मोजायचा डबा ठेवला आहे. जेवढे टॅगवाले नग विकले तेवढे टॅग संध्याकाळी त्या डब्यात असलेच पाहिजेत.

गजर वाजला तर आमच्याकडे शिपाई पुढे होत नाही, मी किंवा माझी बायको पुढे होतो. आणि वाक्य ठरलेलं आहे : "आमच्याकडून टॅग काढायचा राहिला वाटतं, जरा बघून देतो." चूक आमची धरूनच सुरुवात. दहापैकी नऊ वेळा ती खरोखर आमचीच असते.

*

पानखूण
मंगळवार, सकाळी 10.10

साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडची जात तिसरीच, ग्रंथालयांतली जुनी पद्धत. पुस्तकाच्या दोन पानांच्या बेचक्यात, अगदी शिवणीपाशी, सुताएवढी बारीक चुंबकीय पट्टी चिकटवतात. दोन्ही बाजूंना गोंद असतो, पानं मिटली की पट्टी दिसतच नाही. अमेरिकेत 1970 च्या सुमारास थ्रीएम कंपनीने टॅटल-टेप नावाने ही आणली.

गंमत अशी की ही मारून टाकत नाहीत, झोपवतात. पुस्तक घरी न्यायचं तर यंत्रावरून सरकवून पट्टीतले छोटे तुकडे चुंबकित करतात, ती गप्प होते. परत आलं की चुंबकत्व उतरवून जागी करतात. हजारो वेळा करता येतं. त्या यंत्राजवळ आम्ही कॅसेटी कधी ठेवू द्यायचो नाही, पुसल्या जायच्या.

आमच्याही गेटवर पोरं दचकतात. पहिल्या वर्षाची एक मुलगी, खेडेगावातून आलेली, गजर वाजल्यावर रडायलाच लागली. पुस्तक रीतसर नेलेलं होतं, आमच्याच माणसाने सरकवायचं विसरलं होतं. ती नंतर तीन महिने ग्रंथालयात आली नाही. मी तिला वर्गात जाऊन परत आणलं. त्या तीन महिन्यांत तिने किती वाचलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

*

तिसरी_पाळी
मंगळवार, रात्री 11.50

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो. मी गार्ड होतो. अडीच वर्षं, मॉलमधल्या एका दुकानात, गेटशी.

शेवंतीताई, तुमच्या आईंना ज्याने अडवलं त्याच्या जागी मी कितीतरी वेळा उभा होतो. बारा तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही. गेट वाजलं आणि मी अडवलं नाही तर कॅमेऱ्यात दिसतं, सुपरवायझर विचारतो. माल कमी निघाला तर पगारातून कापायची धमकी असते. माझे दोनदा कापलेही. त्यामुळे गजर झाला की पोटात गोळा यायचा, माझ्याही.

शिकवलं काही नव्हतं. पहिल्या दिवशी एकाने सांगितलं, "कपडे बघून ओळख." म्हणजे साधी साडी, खांद्याला पिशवी, पायात स्लिपर असेल तर नीट तपास आणि गाडीची चावी बोटात फिरवत निघालेल्याला जाऊ दे. मी स्वतः त्या साध्या साडीवाल्या घरातला. माझी आई आली असती तर मीच तिला अडवलं असतं, असं एक दिवस लक्षात आलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

नंतर एका जुन्या गार्डने रीत दाखवली, ती सांगतो. माणसाला हात लावायचा नाही आणि परत गेटमधून जायलाही लावायचं नाही. त्याला बाजूला, रांगेच्या बाहेर, भिंतीकडे तोंड होईल असं उभं करायचं, म्हणजे लोकांच्या नजरा लागत नाहीत. मग दुकानाची पिशवी एकटी गेटजवळ न्यायची. वाजली नाही तर पर्स एकटी, उघडायची नाही, बंदच. पर्सवर वाजलं की विचारायचं, ही नवीन आहे का हो? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. एक मिनिट लागतं आणि काचेवर काहीही उपडं करावं लागत नाही.

काकूंची माफी मागतो. मी नव्हतो, तरी मागतो.

*

शेवंती
बुधवार, सकाळी 6.45

तिसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याला सांग, त्या पोरावर माझा राग नव्हता. तो घामाघूम झाला होता." मला हे दिसलंच नव्हतं. माझ्या पहिल्या लेखनात मी त्याचा हातच फक्त बघितला.

*

सरळमार्गी
बुधवार, सकाळी 8.20

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. विमानतळावर सगळ्यांना एकाच रांगेतून तपासतात, तिथे कुणा एकाकडे लोक वळून बघत नाहीत. इथे एकटीला उभं करतात. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

*

कलमदान
बुधवार, दुपारी 2.30

वकिली करतो. कायद्याचं थोडक्यात मांडतो, कारण लोकांना आपले हक्क ठाऊक नसतात आणि गार्डना आपल्या मर्यादाही.

1 जुलै 2024 पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं 303 आहे. त्यात एक नवी तरतूद आली. मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी, गुन्हा पहिलाच, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे खरोखर टी-शर्ट चोरलेल्याशीही कायदा एवढा समजुतीने वागतो.

खाजगी माणसाला अटकेचा अधिकार आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 खाली. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. गेट वाजलं म्हणजे गुन्हा डोळ्यांसमोर घडला असं होत नाही. वर पक्कड यांनी सांगितलंच आहे की गेटला फक्त लेबल कळतं.

झडतीचा अधिकार दुकानाच्या गार्डला नाही. तो विनंती करू शकतो, तुम्ही होकार देऊ शकता किंवा पोलिसांना बोलवा म्हणू शकता. पोलिसांनासुद्धा स्त्रीची अंगझडती स्त्रीकडूनच आणि तिची मर्यादा राखून घ्यावी लागते. वाट अडवून धरणं हे कलम 126 मध्ये आणि खोलीत बसवून ठेवणं 127 मध्ये येतं.

काही दुकानांत संशयितांचे फोटो काउंटरवर चिकटवलेले दिसतात. कृपया कुणीही असं करू नका. कोर्टाने दोषी ठरवलेलं नसताना माणसाचा चेहरा भिंतीवर लावणं बदनामीच्या दाव्याला आमंत्रण आहे.

*

ठोका
बुधवार, रात्री 8.15

हृदयरोग विभागात काम करते. घरात कुणाला पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवला असेल तर इथेच सांगून ठेवते. या गेटमधून नेहमीच्या चालीने जायला हरकत नाही. मध्ये थांबायचं नाही आणि खांबाला टेकायचं तर अजिबात नाही. गेटशेजारी बाकडं टाकलेली असतात आणि म्हातारी माणसं नेमकी तिथे बसतात, ते टाळा. काही दुकानांत खांब दिसत नाहीत, यंत्रणा फरशीखाली किंवा दाराच्या चौकटीत असते. म्हणून दारात गप्पा मारत उभं राहायची सवयच नको.

यावरून शेवंतीताईंच्या प्रसंगातली एक गोष्ट लक्षात घ्या. गजर वाजल्यावर वृद्ध माणसाला त्या दोन खांबांमध्ये उभं करून ठेवणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. तिसरी_पाळी यांनी सांगितलेली भिंतीकडची जागा योग्य.

*

थेम्सकाठ
बुधवार, रात्री 11.30

मी इंग्लंडमध्ये, स्लाउला राहते. इथे 2022 मध्ये महागाई वाढली तेव्हा लोण्याच्या डब्यांना टॅग लावलेले फोटो बातम्यांत आले होते. बाळाच्या दुधाची पावडर, चीज, मांस यांवरही टॅग दिसतात. लोणी ही काही चैनीची वस्तू नाही हो. बाळाच्या दुधावर टॅग बघितला त्या दिवशी ट्रॉली तिथेच सोडून बाहेर येऊन उभी राहिले होते.

या यंत्रांचा शोधच मुळी अशा छोट्या चोरीतून लागला म्हणतात ना?

*

पक्कड
गुरुवार, सकाळी 7.10

हो. ओहायोतल्या ॲक्रन शहरात रोनाल्ड असाफ नावाचे एका किराणा-सुपरमार्केटचे मॅनेजर होते. एक माणूस वाइनच्या बाटल्या घेऊन पळाला आणि त्यांना तो काही सापडला नाही. त्यांच्या चुलतभावाने काहीतरी यंत्र करून बघितलं आणि त्यातून सेन्सरमॅटिक कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास, 1966 मध्ये, न्यूयॉर्ककडे आर्थर मिनासी यांनी नोगो कंपनी काढली. चेकपॉइंट त्यानंतर थोड्याच वर्षांत आली, तिने सुरुवात ग्रंथालयांपासून केली. पानखूण यांना आवडेल हे.

आता पुढचं. सगळं आरएफआयडीकडे चाललंय. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आहे ना, तेच तंत्र, साधारण 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं. बॅटरी नाही, समोरून आलेल्या लहरीवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. डेकॅथलॉनमध्ये टोपलीत सामान टाकलं की एकदम सगळं बिलात येतं, ते यामुळे. प्रत्येक नगाचा नंबर वेगळा, म्हणजे पायजमा क्रमांक अमुक आणि पायजमा क्रमांक तमुक.

याचा फायदा आपल्या विषयात असा की गेट नंबर वाचून दुकानाच्या यादीत बघू शकतं : हा नग आपला आहे का, विकला गेलाय का. दुबईच्या पर्सचा नंबर यादीत नसेल तर गेटने गप्प बसावं. तिथे "58 ऐकू आलं, ओरड" असा आंधळा कारभार नाही. मात्र पाणी आणि धातू यांना हे तंत्र दबकतं. अंगाशी घट्ट धरलेला टॅग नीट वाचला जात नाही.

*

लंबक
गुरुवार, सकाळी 9.30

इथेच मला काळजी वाटते. जुनं लेबल मुकं आहे, त्याला नाव नाही, म्हणून खोटा गजर होतो. नव्याला नाव आहे. विकल्यावर ती चिप बंद करायची सोय मानकातच आहे, पण ती वापरली जाते की नाही हे गिऱ्हाईकाला दिसत नाही. सदऱ्याच्या शिवणीतली चिप घरी येऊन कुठल्याही वाचकयंत्राला आपला नंबर सांगत राहू शकते. बिल झाल्यावर टॅग कापून द्या, असं आपणच काउंटरवर म्हणायला शिकलं पाहिजे. मी म्हणतो. अजून कुणी नकार दिलेला नाही.

*

घडीमोड
गुरुवार, दुपारी 12.40

लंबक सर, आमच्याकडे आरएफआयडी घ्यायचं चाललंय. बिलाशेजारी कात्री बांधून ठेवतो. पक्कड, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. आणि तिसरी_पाळी यांची रीत मी वहीत उतरवून आमच्या तिन्ही माणसांना वाचून दाखवली. गेटजवळ स्टूल आजच आणलं.

*

शेवंती
शुक्रवार, रात्री 9.15

सापडलं!

चेनच्या आतल्या कप्प्यात, अस्तराच्या मागे, शिवणीला लागून. बोटांना कडक लागलं. दाढीच्या ब्लेडने तीन टाके उसवले, पक्कडदादा म्हणाले तशीच पांढरी फुगीर डबी, दोन पेरांएवढी. हलवल्यावर आत खुळखुळलं. आईने अडकित्त्याने तिची कड कापली. आतून चांदीच्या वर्खासारखी पट्टी घसरून तिच्या तळहातावर पडली, इतकी हलकी की फुंकर लागली असती तर उडाली असती. आईने ती उजेडात धरली, चष्मा वर करून बघितली आणि मला म्हणाली, "लंबक सरांना विचार, हिला काचेसारखा धातू म्हणतात का?"

काल दुकानात जाऊन आम्ही लेखी तक्रार दिली. तक्रार त्या गार्डविरुद्ध नाही, आईने तसं वेगळं वाक्य घातलं आहे. आत येताना वाजलेलं बघावं, माणसाला बाजूला घ्यावं, पर्स न उघडता तपासावी, आणि गार्डला बसायला द्यावं, असे चार मुद्दे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले. मॅनेजरने पोच दिली आहे, उत्तर अजून नाही.

*

लंबक
शुक्रवार, रात्री 9.50

होय, तीच. बाईंनी अगदी बरोबर ओळखलं. पट्टी जपून ठेवा, दुमडू नका. लोहचुंबकाजवळ नेऊन बघा, कशी ओढ घेते ते.

*

शेवंती
शनिवार, सकाळी 8.00

बघितली, सर. फ्रीजवरच्या गणपतीच्या चुंबकाला उडी मारून चिकटली. भाच्याने ती कंपासपेटीत ठेवली आहे, सोमवारी विज्ञानाच्या बाईंना दाखवणार आहे. अस्तराचे तीन टाके आईने रात्रीच घातले, आणि आज भिशीला तीच पर्स घेऊन गेली.